नागपूर दीड तासावर

वैष्णवीला नागपूरचं स्थळ आलं तेव्हा मुलगा, शिक्षण, नोकरी, घरदार, पत्रिका असं सगळं पसंत पडलं आणि घोडं अडलं ते फक्त नकाशावर. तिच्या आईचं, छायाबाईंचं, म्हणणं साधं होतं. मुलगी द्यावी ती अशा ठिकाणी, की तिला ताप आल्याचं सकाळी कळलं तर संध्याकाळपर्यंत आईला तिच्या उशाशी बसता आलं पाहिजे. त्या स्वतः निफाडच्या. त्यांना नाशिक रोडला दिलं तेव्हा त्यांच्या आईला आठ दिवस जेवण गेलं नव्हतं. थोरली बहीण नामपूरला दिली, तर तिचा उल्लेख माहेरी अजून 'ती तिकडे टाकलेली' असा होतो. या मापाने नागपूर पृथ्वीवरच असलं तरी बरंच कडेला होतं.

वैष्णवीचे वडील प्रफुल्लराव गायधनी नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले गृहस्थ. केसभर सरकलेल्या रेघेच्या नोटा बाजूला काढण्यात आयुष्य गेल्यामुळे मोजमापावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. त्यांनी आधी वैष्णवीच्या शाळेतला महाराष्ट्राचा नकाशा माळ्यावरून काढला, दोऱ्याने नाशिक-नागपूर मोजलं आणि "वीतभर आहे," असं जाहीर केलं. हा पुरावा छायाबाईंनी फेटाळला. मग त्यांनी फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्याने वाचलं, "नाशिक ते नागपूर, विमानाने दीड तास."

"दीड तास?" छायाबाई म्हणाल्या.

"दीड तास. आपल्याला इथून सातपूरला जायला संध्याकाळी किती लागतो? द्वारकेच्या चौकात अडकलो तर? सातपूरचं स्थळ तू नाकारलं असतंस का? मग नागपूर म्हणजे सातपूरच. फक्त वरून जायचं."

छायाबाईंना यावर उत्तर सुचलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर उत्तर न सुचणं म्हणजे पटणं नव्हे, हे प्रफुल्लरावांना कळायला हवं होतं. पण ते जिंकल्याच्या आनंदात होते. "सकाळचा चहा इथे घ्यायचा, दुसरा पोरीच्या हातचा," हे वाक्य त्यांनी त्या आठवड्यात दूधवाला, इस्त्रीवाला आणि सोसायटीची पाण्याची टाकी धुवायला आलेली माणसं अशा सगळ्यांना ऐकवलं. स्वतः वैष्णवी या साऱ्या चर्चेत फारसं बोलली नाही. ती बाबांचं वाक्य संपेपर्यंत ऐकून घ्यायची आणि "हो ना," म्हणायची.

होकार गेला. मुलाची आजी प्रवास करू शकत नव्हती, म्हणून साखरपुडा नागपूरला ठरला, शनिवारी संध्याकाळी. छायाबाई शांतपणे म्हणाल्या, "दीड तास म्हणताय, पण आपल्यातलं कोण बसलंय विमानात? मला एकदा बघू दे. मग मी कुठल्याच गोष्टीला नाही म्हणणार नाही." त्यांच्या बोलण्यात एक खाच होती. बघून पटलं नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. प्रफुल्लरावांनी त्याच संध्याकाळी शनिवार सकाळची ओझरहून सुटणारी तीन तिकिटं काढली.

विमानाने जाणं ही खासगी गोष्ट राहत नाही. कॉलनीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. कानात कापूस घाला. कापूस घालू नका, गोळी चघळा. लोणचं नेऊ नका, नेलकटर नेऊ नका, नारळ तर अजिबात नेऊ नका. डाव्या बाजूची जागा घ्या, गोदावरी दिसेल. उजव्या बाजूची घ्या, ऊन लागणार नाही. एका गृहस्थांनी घरी येऊन तासभर पोटाचा पट्टा कसा लावायचा ते स्वतःच्या पँटच्या पट्ट्यावर दाखवलं. नंतर कळलं की त्यांनी स्वतः कधी विमान जमिनीवरूनही पाहिलेलं नव्हतं.

छायाबाईंचा भाऊ दीपक निफाडहून आला तोही टोमणा घेऊनच. त्याने द्राक्षांवर मोठी गाडी घेतली होती आणि उरलेली वऱ्हाडी मंडळी तो समृद्धी महामार्गाने नेणार होता. "दाजी, कशाला विमानाच्या नादी लागता? माझ्या गाडीत जागा हाय अजून. इथं बसा, नागपुरात उतरा. मधी भजी बी भेटतील."

"दीपकराव, तुम्ही भजी खात असाल तेव्हा आम्ही व्याह्यांकडे चहा घेत असू," प्रफुल्लराव म्हणाले.

हे सगळं ठीक होतं. माशी शिंकली ती धोंडाआत्यांकडे. प्रफुल्लरावांच्या या आत्या त्यांच्याकडेच राहत आणि वार, तिथी, दिशा यांचा कारभार घरात आत्यांच्या हाती होता. तारीख ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "शनवारी उगवतीला जायचं नाय. दिशाशूळ असतो. नागपूर उगवतीला नाय का?"

प्रफुल्लराव म्हणाले, "आत्या, विमान वाऱ्याच्या उलट दिशेने उडतं. ते कदाचित आधी पश्चिमेला जाईल."

"मग फिरून येतंच ना उगवतीला? त्याला का देव आंधळा हाय?"

छायाबाईंचा चेहरा पाहून प्रफुल्लरावांनी वाद आवरला. आधीच एक शंका मनात असलेल्या बायकोला दुसरी शंका देणं शहाणपणाचं नव्हतं. तोडगा आत्यांकडेच होता. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगल्या वारी, शुक्रवारी, प्रवासाला जाणाऱ्याची एखादी वस्तू घराबाहेर काढून त्याच दिशेच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. शनिवारी फक्त वाटेत ती उचलून पुढे जायचं. एक मात्र होतं, प्रस्थान कोणी उघडायचं नाही आणि ते परत घरात आणायचं नाही.

प्रफुल्लरावांनी एक हातरुमाल आणि सुपारी पुढे केली. आत्यांनी ती मागे सारली. "असलं चालत नाय. जिच्याबिगर पाऊल उचलता यायचं नाय, अशी वस्तू पायजे. नायतर ते ढोंग झालं."

ज्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नसतो ती माणसं त्या करायला बसली की श्रद्धावंतांपेक्षा काटेकोर करतात. प्रफुल्लरावांनी पाच मिनिटं विचार केला. जिच्यावाचून विमानतळावर पाऊल उचलता येणार नाही अशी वस्तू कोणती? 'सगळं एका जागी असावं' या तत्त्वानुसार त्यांच्याकडे एक चेनचं पाकीट होतं. त्यात तिघांची आधार कार्डं, त्यांचं पॅन, वाहन परवाना, निवृत्तांचं ओळखपत्र, सगळं होतं. ते पाकीट त्यांनी तांदूळ, हळकुंड आणि सुपारीसकट एका कापडी पिशवीत घातलं, वर गाठ मारली आणि आत्यांकडे विजयी नजरेने पाहिलं. आत्यांनी समाधानाने मान हलवली. घरात असा एकमताचा क्षण क्वचितच येई.

मग पूर्वेचं घर शोधायचं होतं. फोनमधल्या होकायंत्राने नेमकी पूर्व भिकनराव आहेरांच्या न्हाणीघराकडे दाखवली, म्हणून पिशवी भिकनरावांच्या देवघरात गेली. भिकनराव सटाण्याकडचे, प्रेसमध्येच होते, आणि सध्या बायको माहेरी गेल्याने एकटेच होते. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "निश्चिंत ऱ्हा, साहेब. आते हाई मनी जबाबदारी शे."

या वाक्याने पुढे घात केला.

शनिवारी सकाळी दीपकची गाडी आधी निघाली. तिच्यात धोंडाआत्या, दोन माम्या आणि पेढ्यांचे डबे होते. जागा रिकामी होती, म्हणून दीपकने दारात उभ्या असलेल्या भिकनरावांना सहज विचारलं आणि भिकनराव घराला कुलूप घालून सहज बसले. तासाभराने प्रफुल्लरावांची टॅक्सी आली. त्यांना निरोप द्यायला निम्मी कॉलनी गोळा झाली होती. तळहातावर दही ठेवलं गेलं, फोटो निघाले, पट्टा लावायला शिकवणाऱ्या गृहस्थांनी उजळणी घेतली. या गर्दीत आपण कालच निघालो आहोत आणि वाटेत एक पिशवी उचलायची आहे, हे प्रफुल्लराव साफ विसरले.

ते त्यांना ओझरला आठवलं, विमानतळाच्या दारावर, जवानाने "पहचान पत्र" म्हणून हात पुढे केला तेव्हा. प्रफुल्लरावांचा हात सवयीने छातीच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

त्यांनी बाजूला होऊन भिकनरावांना फोन लावला. "भिकनराव, पिशवी? घराची किल्ली कोणाकडे आहे?"

"किल्ली कसाले? पिशवी मना मांडीवर शे!" भिकनराव आनंदाने म्हणाले. "मी निंघनू, घरले कुलूप. प्रस्थान का कुलूपमा कोंडतस? त्याले पुढेच जावाले पाहिजे. मी म्हणं, दिशा तीच, गाव तेच, आपणच ली जावो. आमी आते शिर्डीले नाश्ता करी ऱ्हायनूत."

 ज्या माणसाने आपली वस्तू इतक्या मनोभावे सांभाळली त्याच्यावर ओरडायचं कसं, हे प्रफुल्लरावांना समजेना.

वैष्णवी मात्र डगमगली नाही. तिने फोनवर स्वतःचं आधार काढलं. आईचा नंबर तिच्याच मोबाईलला जोडलेला होता, त्यामुळे छायाबाईंचंही दोन मिनिटांत निघालं. बाबांचं काढायला गेली तर ओटीपी येईना. तो गेला होता प्रफुल्लरावांच्या जुन्या नंबरवर. हा नंबर त्यांनी फुकट इंटरनेटच्या मोहात पडून सोडला होता आणि "आधारला नवा जोडून घ्या," असं वैष्णवी त्यांना दोन दिवाळ्या सांगत होती. ती आता काही बोलली नाही, हेच त्यांना जास्त लागलं.

तिने त्या जुन्या नंबरवर फोन केला. मागे लिलावाचा कालवा ऐकू येत होता. पलीकडून आवाज आला, "बोला, चिमाजी बोली ऱ्हायनू. नामपूर मार्केट."

वैष्णवीने नम्रपणे सगळं सांगितलं. आमचा ओटीपी तुमच्याकडे आलाय, तेवढा वाचून दाखवा.

"उना शे," ओटीपी आल्याचं कबूल करत चिमाजी म्हणाले. "पण सांगाव नही. फोन लावा का रोज ती बाई सांगस, ओटीपी कोणलेच सांगू नका. मी कांदा इकस, पण येडा नही."

प्रफुल्लरावांनी फोन घेतला. "अहो, मी सज्जन माणूस आहे. सरकारी नोकरीत होतो. नोटा छापायचो."

नोटा छापायचो, हे ऐकल्यावर चिमाजींनी फोन ठेवला.

आता चिमाजींच्या भाषेत बोलणारा आणि प्रफुल्लरावांची खात्री देणारा एकच माणूस होता. वैष्णवीने भिकनरावांना आणि चिमाजींना एकाच कॉलवर घेतलं. भिकनराव म्हणाले, "भाऊ, मी सटाणाना आहेर. हाऊ माणूस भला शे, मी वळखस त्याले."

"आहेर? कोणता आहेर?" चिमाजींचा आवाज एकदम मऊ झाला. "ठेंगोडाना का?"

"ठेंगोडानाच!"

"मनी बहीण ठेंगोडाले दियेल शे!"

पुढची काही मिनिटं विमानतळाच्या दारात उभं राहून गायधनी कुटुंबाने ठेंगोड्यातल्या तीन घरांची ख्यालीखुशाली ऐकली. कोणाची विहीर, कोणाची सून, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मध्ये दोनदा प्रफुल्लराव "ओटीपी, ओटीपी" म्हणाले, पण पाहुण्यांच्या बोलण्यात तोंड घालणं त्यांनाही बरं वाटेना. शेवटी नातं लागलं. चिमाजी गहिवरून म्हणाले, "आते सांगस, ल्या लिखी." त्यांनी सहाही आकडे सांगितले. वैष्णवीने ते टाकले. मुदत संपली होती. दुसरा मागवायला गेली तर, फार वेळा प्रयत्न झाला, आता थोड्या वेळाने करा, असं फोनने सांगितलं. आणि आतून चेक-इन बंद होत असल्याची शेवटची सूचना ऐकू आली.

छायाबाई म्हणाल्या, "चला, आपण सगळेच टॅक्सीने जाऊ."

प्रफुल्लरावांची मान ताठ झाली. सगळ्यांनी गाडीने जायचं म्हणजे खटला हरायचा. छायाबाईंनी रस्ता पाहिला असता, एकेक गाव मोजलं असतं, आणि नागपूरला पोचेपर्यंत त्यांचा चेहरा कसा झाला असता हे त्यांना दिसत होतं. "नाही," ते म्हणाले. "तुम्ही दोघी जा. मी शिर्डीला गाडी गाठतो."

"मी? तुमच्याशिवाय? विमानात?"

"वैष्णवी आहे ना. आणि दीड तासाचा तर प्रश्न आहे."

कॉलनीतून शालिमारच्या बाजारात जातानाही सोबत शोधणाऱ्या छायाबाई पर्स छातीशी धरून आत गेल्या. काचेपलीकडून त्यांनी एकदा वळून पाहिलं. प्रफुल्लरावांनी 'पट्टा लाव' अशी खूण केली, ती पाहून जवानालाही हसू आलं.

शिर्डीला ते पोचले तेव्हा मंडळी दर्शन घेऊन गाडीपाशीच उभी होती. भिकनराव पुढे आले आणि पिशवी दोन्ही हातांनी त्यांच्या ओंजळीत ठेवली. गाठ तशीच होती. धोंडाआत्या म्हणाल्या, "बघ, कालच निघाला होतास म्हणून गाडी तरी घावली." यावर काय बोलायचं असतं ते प्रेसच्या नोकरीत कोणी शिकवलेलं नव्हतं.

गाडीत उरली होती ती सर्वांत मागची जागा, पेढ्यांच्या डब्यांमध्ये. एक डबा मांडीवर, एक पायाखाली, शेजारी भिकनराव. दीपकने आरशातून पाहिलं. "दाजी, इमानात पाय लांब करता येत्यात का हो?"

"येतात," प्रफुल्लराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

महामार्ग सरळ होता. वळण नाही, चौक नाही, थांबा नाही, त्यामुळे विचारांना आडोसा मिळत नव्हता. संभाजीनगर गेलं. जालना आलं आणि बराच वेळ जालनाच राहिलं. तेवढ्यात फोन वाजला. छायाबाई होत्या आणि त्या लहान मुलीसारख्या बोलत होत्या. "अहो, पोचलो सुद्धा! ढग बघत होते तोवर उतरा म्हणाले. व्याही गुच्छ घेऊन आले होते, तुमच्या वाटचाही मलाच दिला. तुम्ही मागून येताय, एवढंच मी सांगितलंय. केवढं जवळ आहे हो! मी उगीच तुम्हाला छळलं."

हा तो क्षण होता, ज्यासाठी प्रफुल्लरावांनी दोरा, नकाशा, फोन, तिकिटं हा सगळा खटाटोप केला होता. "मी म्हटलं नव्हतं?" असं आता दिमाखात म्हणायचं होतं. "हो का? छान," एवढंच ते म्हणाले.

कारण बुलढाणा जिल्हा लागला होता. मग वाशीमची पाटी आली. जमिनीचा रंग बदलला, द्राक्षं संपून खूप वेळ झाला होता, आता कापूस होता, संत्री होती. भजी खायला थांबले तर भजीवाला वेगळ्याच चालीत बोलत होता. गाडी भरधाव पळत होती आणि तरीही नागपूर येत नव्हतं. आपण पोरीला दूर देतोय. ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा इथे कळली, कारंज्याच्या पुढे, मांडीवर पेढे घेऊन. बायकोला पटवण्याच्या भरात ते स्वतः कधी पोरीच्या वाट्याच्या अंतराचा विचार करायला थांबलेच नव्हते.  भिकनराव त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते, म्हणून त्यांना खिशातला रुमाल काढायलाही हात हलवता येईना.

आरशातून दीपकने पुन्हा पाहिलं.  या वेळी त्याने टोमणा न मारता काच थोडी खाली केली.

सूर्य कलताना ते हॉलवर पोचले. सदऱ्याला तेलाचा डाग, केसांत धूळ आणि हातात ती कापडी पिशवी. व्याही घाईने पुढे आले. "अहो, विमानातून तुम्ही उतरलाच नाहीत! आम्ही कितीक वेळ बघत होतो!"

प्रफुल्लरावांनी तोंड उघडलं, पण सुरुवात कुठून करावी ते कळेना. आधारपासून, की ठेंगोड्यापासून? तेवढ्यात दीपक म्हणाला, "दाजींना रस्ता बघायचा होता. पोरगी द्यायची तर एकदा रस्ता बघून घ्यावा म्हणले." व्याह्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते पुढच्या तासाभरात निम्म्या हॉलला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा प्रफुल्लरावांना हा मेहुणा मनापासून आवडला.

साखरपुडा झाला. संघर्षने, म्हणजे होणाऱ्या जावयाने, वाकून नमस्कार केला. मुलगा खरंच चांगला होता, त्यात काही मोजायचं उरलं नव्हतं. छायाबाई विहिणींच्या घोळक्यात बसून ढगांचं वर्णन करत होत्या आणि दर महिन्याला येण्याची आमंत्रणं घेत होत्या.

वैष्णवी अंगठी सावरत वडिलांजवळ येऊन उभी राहिली. "बाबा, आईचा चेहरा बघा. जिंकलात तुम्ही."

प्रफुल्लरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "लांब आहे गं."

"हो बाबा," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आईला सांगायचात ना, तेव्हा मीही शेजारी बसून ऐकायचे. मलाही तेवढ्यापुरतं पटायचं."

 प्रफुल्लरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि केस विस्कटतील म्हणून लगेच उचलला. मग छायाबाईंना आपले चेहरे दिसू नयेत म्हणून दोघं पाठ करून आईस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभे राहिले. रांग मोठी होती आणि दोघांनाही घाई नव्हती.